उघड्या दारावरून जाताना

गरीब वस्त्यांमधल्या ‘शैक्षणिक भेटी’ आता परदेशी पर्यटकांपुरत्या उरलेल्या नाहीत. शाळा-कॉलेजंही मुलांना घेऊन वस्तीकडे निघाली आहेत. मुलांना जग कळावं, हा हेतू कुणालाही पटेल असाच आहे. पण ज्यांच्या दारावरून ही मंडळी जातात, त्यांना कुणी विचारलं आहे का?

सकाळचे दहा वाजलेले असतात. माहीम स्टेशनचा पूल ओलांडून सहा-सात जणांचा घोळका पूर्वेच्या बाजूला उतरतो. पायांत बूट, पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली. पुढे चालणारा तरुण पायऱ्यांखाली थांबतो आणि सगळ्यांना एकदा बजावतो, कॅमेरे आणि फोन आत ठेवा. इथे फोटो काढायचे नाहीत. मग घोळका धारावीत शिरतो.

पहिला मुक्काम बहुधा तेरा कंपाऊंडचा. साऱ्या मुंबईने फेकलेलं प्लॅस्टिक इथे येतं. बाटल्या, बादल्या, खुर्च्यांचे पाय, तेलाचे डबे. रंगानुसार आणि जातीनुसार त्यांची निवड होते. मग भरड, मग धुणं, मग पत्र्याच्या छपरांवर वाळवण आणि शेवटी त्याचे दाणे. पुढे चामड्याची कामं, शिवणयंत्रांची घरघर, बेकरीची भट्टी. साठ फुटी रस्ता, नव्वद फुटी रस्ता. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या आणि त्यांचा डोळे चुरचुरवणारा धूर. कुठे उपड्या टोपल्यांवर वाळत घातलेले पापड. पाहुणे थक्क होतात. आपण झोपडपट्टी बघायला आलो होतो आणि हे तर कारखान्यांचं गाव निघालं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो.

त्यानंतर येते ती अरुंद गल्ली. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. वर विजेच्या तारांचं जाळं, खाली गटारावरच्या लाद्या, दोन्ही बाजूंना दारं. दारं उघडी, कारण उजेड आणि वारा यायला दुसरी वाट नाही. एका दारात एक बाई भांडी घासत बसलेली. पुढच्या दारात आजीबाई नातीची वेणी घालताहेत. तिसऱ्या घरात रात्रपाळी करून आलेला माणूस जमिनीवर झोपलेला आहे. घोळका एकामागून एक पुढे सरकतो. भांडी घासणारी बाई पाय जरा आवरून घेते आणि मान खाली घालून घासत राहते.

दोन तासांची ही फेरी मुंबईत आता जुनी झाली आहे. प्रश्न मात्र तेवढाच जिवंत आहे. हे शिक्षण की तमाशा?

घर कुठे संपतं?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी त्या गल्लीकडे नीट पाहावं लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला घर कुठे संपतं ते पक्कं ठाऊक असतं. दार लावलं की आत आपण, बाहेर जग. बेल वाजली तर भोकातून बघायचं आणि मग ठरवायचं, उघडायचं की नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात तेव्हा घर उंबरठ्याशी संपत नाही. कपडे धुणं, तांदूळ निवडणं, मुलांना आंघोळ घालणं, अभ्यास, भांडण, दुपारची डुलकी, यातलं बरंचसं दारात आणि गल्लीत होतं. कागदोपत्री ती गल्ली सार्वजनिक वाट असेल. राहणाऱ्यांच्या लेखी ते स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असतं.

म्हणूनच ‘आम्ही कुणाच्या घरात जात नाही, फक्त रस्त्याने चालतो’ हा बचाव इथे पुरा पडत नाही. मरीन ड्राइव्हवर चालणं आणि धारावीच्या गल्लीतून चालणं, दोन्ही कायद्याने सारखंच. पण दुसऱ्या ठिकाणी चालणारा माणूस नकळत कुणाच्या तरी घराच्या मधून जात असतो. आपल्या सोसायटीत दर मंगळवारी वीस अनोळखी माणसं येऊन आपली बाल्कनी, आपलं वाळत घातलेलं धुणं आणि आपला चहा पिण्याचा प्रकार न्याहाळून गेली, तर किती आठवडे आपण ते खपवून घेऊ? वॉचमनला पहिल्याच आठवड्यात जाब विचारला जाईल. वस्तीला वॉचमन नसतो, फरक असलाच तर एवढाच.

दीडशे वर्षांपूर्वीची हौस

गरिबी पाहायला जाण्याची ही हौस आजकालची नाही. १८८० च्या दशकात लंडनमधल्या खात्यापित्या घरच्या मंडळींमध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल, शोरडिचसारख्या भागांत फेरफटका मारण्याची टूम निघाली. कुणी कुतूहलाने जाई, कुणी दानधर्मासाठी, कुणी नुसतंच अंगावर शहारा आणून घ्यायला. १८८४ च्या सुमारास इंग्रजीत या प्रकाराला ‘स्लमिंग’ असा शब्दही रूढ झाला. लवकरच ही लाट अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचली.

पण त्याच १८८४ साली त्याच व्हाइटचॅपलमध्ये आणखी एक गोष्ट घडली. सॅम्युअल बार्नेट हे धर्मगुरू आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी तिथे टॉयन्बी हॉल ही संस्था उभारली. कल्पना साधी होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी गरीब वस्ती बघून परत जायचं नाही, तिथे राहायचं. शेजारी म्हणून राहायचं, रात्रीचे वर्ग घ्यायचे, लोकांच्या अडचणी समजून घ्यायच्या.

पूर्व लंडनच्या वस्तीने बदललेल्या अशा तरुणांपैकी एकाचं नाव भारतीय वाचकांच्या चांगलं ओळखीचं आहे. क्लेमंट अ‍ॅटली. सुखवस्तू घरातला हा वकील १९०५ मध्ये पूर्व लंडनमधल्या मुलांच्या एका क्लबात मदतीला गेला, पुढे त्याच भागात राहू लागला आणि काही काळ टॉयन्बी हॉलचा सचिवही झाला. गेला तेव्हा तो पुराणमतवादी विचारांचा होता. गरिबी ही माणसाच्या आळसाची शिक्षा नसते, हे त्याला तिथे राहून कळलं आणि त्याचं राजकारण पालटलं. हाच माणूस पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला, त्याच्या सरकारने तिथल्या सामान्य माणसाला मोफत आरोग्यसेवा दिली आणि त्याच्याच कारकिर्दीत भारत स्वतंत्र झाला.

ही परंपरा मुंबईतही आली. अमेरिकन मराठी मिशनतर्फे आलेले डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ड यांनी १९२६ मध्ये नागपाड्यात ‘नेबरहुड हाऊस’ सुरू केलं. शेजारधर्माचं घर, असं त्याला मराठीत म्हणता येईल. याच घरात १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाचं समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय सुरू झालं. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. म्हणजे भारतात समाजकार्याचं रीतसर शिक्षण एका दाट वस्तीच्या मधोमध जन्माला आलं.

तेव्हा वस्तीत जाऊन शिकणं ही मुळातच वाईट गोष्ट आहे, असं म्हणता येणार नाही. १८८४ साली एकाच मोहल्ल्यात दोन वाटा फुटल्या. एक पाहून परतणाऱ्यांची, दुसरी राहून शिकणाऱ्यांची. आपण कुठल्या वाटेवर आहोत, हे प्रत्येक सहलीला विचारावं लागतं.

किबेरातला मुलगा

आधुनिक काळात हा व्यवसाय पुन्हा उभा राहिला तो ब्राझीलमध्ये. १९९२ साली रिओ दी जानेरोत पृथ्वी परिषद भरली आणि त्याच सुमारास रोसिन्या या डोंगर-उतारावरच्या प्रचंड वस्तीत पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट १९९४ मध्ये संपल्यावर जोहान्सबर्गजवळचं सोवेटो जगाच्या पर्यटन नकाशावर आलं. तिथे पाहण्यासारखा इतिहास आहे आणि तो सांगताना स्थानिकांची मान ताठ असते. विलाकाझी रस्त्यावरचं नेल्सन मंडेलांचं जुनं घर पाहायला जाणारा माणूस गरिबी पाहायला जात नाही, लढा पाहायला जातो.

रोसिन्यात मात्र २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये फेरीसाठी आलेली एक स्पॅनिश पर्यटक महिला पोलिसांच्या गोळीने मरण पावली आणि तिथल्या लोकांचं रोजचं जगणं किती धोक्याचं आहे, हे तेव्हा साऱ्या जगाने वाचलं. रहिवाशांना ते आधीपासून माहीत होतं.

पण या विषयावर सगळ्यात बोचरी साक्ष आली ती केनियाहून. नैरोबीच्या किबेरा वस्तीत वाढलेले आणि पुढे तिथेच मुलींची शाळा व आरोग्यसेवा उभी करणारे केनेडी ओडेडे यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला. ते सोळा वर्षांचे असताना आपल्या इवल्याशा घराबाहेर भांडी घासत होते. दोन दिवसांत पोटात काही गेलं नव्हतं. अचानक एका परदेशी बाईने त्यांचा फोटो काढला आणि ते काही बोलायच्या आत ती पुढे निघून गेली. आपण पिंजऱ्यातला वाघ आहोत, असं त्या वेळी त्यांना वाटलं. पाहणाऱ्याला फोटो मिळतो आणि पाहिला गेलेला माणूस आपल्या मानाचा एक तुकडा गमावून बसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

गंमत अशी, की त्या बाईच्या मनात कदाचित कणवच असेल. घरी जाऊन तिने तो फोटो दाखवून चार लोकांकडून मदतही गोळा केली असेल. पण भुकेल्या मुलाला ते कळायला मार्ग नव्हता. तिने त्याला नाव विचारलं नव्हतं.

धारावीचा जमाखर्च

मुंबईत संघटित फेऱ्या सुरू झाल्या त्या २००६ मध्ये. रिओच्या फेऱ्यांची माहिती असलेले ब्रिटिश तरुण ख्रिस वे आणि त्यांचे भारतीय भागीदार कृष्णा पुजारी यांनी ‘रिअ‍ॅलिटी टूर्स अँड ट्रॅव्हल’ ही कंपनी काढली. सुरुवातीला वृत्तवाहिन्यांवरून टीकेची झोड उठली. देशाची गरिबी विकायला काढली, असा सूर होता. २००९ च्या जानेवारीत ‘स्लमडॉग मिलियनेअर’ भारतात झळकला, त्याच्या नावातल्या ‘डॉग’ या शब्दावरून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये निदर्शनं झाली, फेब्रुवारीत त्याला आठ ऑस्कर मिळाली आणि धारावी पाहायला येणाऱ्यांचं कुतूहल आणखी वाढलं. २०१९ मध्ये तर प्रवाशांच्या पसंतीवर ठरणाऱ्या एका प्रसिद्ध यादीत धारावीच्या फेरीने ताजमहालाच्या सहलींनाही मागे टाकल्याच्या बातम्या आल्या.

या कंपनीची बाजूही ऐकायला हवी. गट लहान ठेवायचा, फोटो काढू द्यायचे नाहीत, कर भरल्यावर उरलेल्या नफ्यातला ८० टक्के भाग आपल्याच संस्थेमार्फत शिक्षणाच्या कामाला लावायचा, हे नियम तिने स्वतःहून घालून घेतले. वस्तीतल्याच तरुणांना वाटाड्याचं काम मिळालं. इंग्रजी बोलण्याची सवय झाली, कमाई झाली. शिवाय धारावी म्हणजे गुंड, घाण आणि भिकारी, ही सिनेमाने रुजवलेली समजूत दोन तासांत पुसली जाते, हेही खरंच. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या या जागेत किती माणसं राहतात, याचे आकडे कुणी सहा लाख सांगतो, कुणी दहा लाख. पण ती कष्ट करून जगतात, याबद्दल फेरीनंतर कुणाला शंका उरत नाही.

इथेच दुसरा धोका आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अभ्यासक मेलिसा निस्बेट यांनी धारावी पाहून गेलेल्या पर्यटकांचे अभिप्राय तपासले. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहुणे भारावून जात, लोकांच्या उद्योगीपणाचं कौतुक करत, पण गरिबी हा अन्याय आहे आणि त्यामागे काही कारणं आहेत, हे मात्र त्यांच्या लिहिण्यातून जवळपास नाहीसं झालेलं असे, असं त्यांना आढळलं. ‘किती कमीत किती आनंदी आहेत ही माणसं!’ हे वाक्य कानाला गोड लागतं. पण ज्या बाईला पहाटे सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहावं लागतं, जी पाणी येण्याच्या वेळेप्रमाणे आपली झोप ठरवते, तिला त्या आनंदाबद्दल विचारलेलं नसतं. भट्टीचा धूर पाहुण्याला दहा मिनिटं लागतो. कुंभारणीला तो जन्मभर लागतो.

म्हणजे वस्तीला नरक ठरवणं जितकं खोटं, तितकंच तिला कष्टाचं तीर्थक्षेत्र ठरवणंही खोटं. पहिल्यात माणसांची कीव होते, दुसऱ्यात महापालिकेची आणि सरकारची सुटका होते.

वही घेऊन आलेला माणूस

पर्यटक निदान पैसे मोजून येतो आणि आपण पर्यटक आहोत हे मान्य करतो. शिक्षणाच्या नावाने येणाऱ्यांचं काय? समाजकार्याचे विद्यार्थी प्रश्नावली घेऊन येतात. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी फूटपट्टी घेऊन खोली मोजायला येतात. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी धारावीचं ‘मॉडेल’ समजून घ्यायला येतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं येतात. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे असतात आणि त्यातले काही तास कुठल्या ना कुठल्या वस्तीच्या वाट्याला येतात. यातून काही चांगली कामं झाली, अनेक तरुणांची आयुष्यं बदलली. पण बहुतेक प्रकल्पांचं पुढे काय होतं? अहवाल बांधला जातो, गुण मिळतात, पदवी पदरात पडते. ज्या बाईने दीड तास उत्तरं दिली, तिच्या हाती त्या अहवालाचं एक पानही येत नाही. पुढच्या जूनमध्ये नवी तुकडी येते आणि तेच प्रश्न विचारते. घरात किती माणसं? कमाई किती? नवरा पितो का?

धारावीत या प्रश्नांना आणखी एक धार आहे. इथे ‘सर्व्हे’ हा शब्द साधा नाही. झोपडी कधीची, कागद कोणते, या उत्तरांवर घर मिळणार की नाही हे ठरतं. मोफत पुनर्वसनासाठी १ जानेवारी २००० ही तारीख आहे. त्यानंतरच्या झोपड्यांना वेगळे निकष. २००४ पासून पुनर्विकासाचे बेत आखले आणि मोडले जात होते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अदानी समूहाची निविदा सर्वांत मोठी ठरली आणि मार्च २०२४ मध्ये घरोघर सर्वेक्षण सुरू झालं. पात्र आणि अपात्र हे दोन शब्द धारावीतल्या शाळकरी पोरालाही समजतात. अशा वस्तीत हातात वही घेतलेला कुठलाही अनोळखी माणूस शिरला, की एका घरात आशा जागी होते आणि शेजारच्या घरात पोटात गोळा येतो. तो माणूस बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे, हे लोकांना मागाहून कळतं. कधी कळतही नाही.

वर्गातला तो एक मुलगा

आता शाळांकडे वळू. शैक्षणिक सहल म्हटली की पूर्वी अजिंठा-वेरूळ, रायगड, दूधडेअरी, फार तर एखादा साखर कारखाना. आता मुलांमध्ये ‘संवेदनशीलता’ यावी म्हणून वस्तीभेटी निघतात. मुंबईपुरतं हे नाही. पुणे, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, मराठी कुटुंबं जिथे जिथे आहेत त्या सगळ्या शहरांना वस्ती आहे आणि शाळाही आहेत. डायरीत चिठ्ठी येते. ‘वस्तीला भेट. बसचे शुल्क अमुक. प्रत्येकाने वाटण्यासाठी एक चॉकलेटचा पुडा व वापरलेले चांगले कपडे आणावेत. पालकांची सही आवश्यक.’

समजा, अशी चिठ्ठी घेऊन पाचवीतला एक मुलगा घरी आला. आईने वाचली, सही करायला पेन घेतलं. तेवढ्यात आत भांडी घासणारी बाई हात पुसत बाहेर आली. ती त्याच वस्तीत राहते. तिचा मुलगाही पाचवीतच आहे. शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून खासगी शाळांना पहिल्या इयत्तेत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. त्यातल्या एका जागेवर तो त्याच शाळेत, त्याच वर्गात बसतो. चिठ्ठी त्याच्याही डायरीत आहे.

त्याने त्या दिवशी काय करायचं? बसमध्ये बसून आपल्याच घरी सहलीला यायचं? चॉकलेटचा पुडा आणायचा, की चॉकलेटच्या रांगेत उभं राहायचं? आपल्या घराच्या उंबऱ्यात आपली आई भांडी घासत बसलेली आणि समोरून बाई म्हणताहेत, ‘बघा मुलांनो, यांना किती कमी जागा असते, तरी ते कसे राहतात!’ या वाक्यानंतर तो वर्गात कुणाच्या शेजारी बसेल?

वर्गातल्या बाकीच्या मुलांनीही त्या दिवशी काहीतरी शिकलेलं असतं. जगात देणारे आणि घेणारे असे दोन प्रकार असतात आणि आपण देणाऱ्यांतले, हे ते शिकतात. त्यांचे आभार मानावेत म्हणून वस्तीतली मुलं रांगेत उभी केली जातात, टाळ्या वाजतात, फोटो निघतो, तो शाळेच्या वार्षिकात छापला जातो. ज्या वस्तीतल्या मुलाचा फोटो छापला, त्याच्या आईबापांची सही कुणी घेतलेली नसते. आपल्या मुलाच्या सहलीला सही लागते, दुसऱ्याच्या मुलाच्या चेहऱ्याला लागत नाही.

बोलावणं कुणाचं?

मग काय, मुलांना सोसायटीच्या फाटकाआड वाढवायचं? तेही घातक आहे. मोटारीच्या काचेतून दिसतं तेवढंच शहर ज्याला माहीत आहे, तो मुलगा उद्या अधिकारी, डॉक्टर, इंजिनीअर होऊन त्याच शहराचे निर्णय घेणार आहे. अ‍ॅटलीला पूर्व लंडन दिसलं नसतं, तर त्याचं राजकारण पालटलं नसतं. जायला हवं, हे नक्की. कुणाच्या बोलावण्यावरून आणि कुणाच्या अटीवर जायचं, तेवढाच मुद्दा.

याची चांगली उदाहरणं आपल्याकडे आहेत. १९८५ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघत होता, तेव्हा आदल्या वर्षी स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवरच्या लोकांनाच बरोबर घेऊन त्यांची गणना केली. या माणसांची तोवर कुणी दखलच घेतली नव्हती. त्यातूनच पुढे ‘महिला मिलन’ ही बायकांची संघटना उभी राहिली. या बायकांनी बांबू आणि कापडाचं खऱ्या मापाचं घर उभारलं आणि अधिकाऱ्यांना ते पाहायला बोलावलं. पाहुणे तेव्हाही आले होते. पण काय दाखवायचं, हे यजमान ठरवत होते.

दिल्लीत पहाडगंजच्या गल्ल्यांतून ‘सलाम बालक ट्रस्ट’च्या फेऱ्या निघतात. मीरा नायर यांच्या १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे!’ नंतर स्थापन झालेली ही संस्था. वाटाडे असतात तिथेच रस्त्यावर वाढलेले आणि संस्थेत शिकून मोठे झालेले तरुण. सांगणारा तिथलाच असतो, ही मोठी गोष्ट. पण इथेही जपावं लागतं. आपलंच बालपण रोज नव्या माणसांना सांगायचं, हेही काही हलकं काम नाही.

धारावीत २०१५ मध्ये ‘स्नेहा’ या संस्थेच्या पुढाकाराने कलामहोत्सव भरला. कलावंतांच्या जोडीने तिथल्याच लोकांनी आरोग्याच्या प्रश्नांवर कलाकृती केल्या आणि शहराला पाहायला बोलावलं. त्या दिवसांत गल्लीत शिरणारा माणूस प्रदर्शनाचा पाहुणा होता. दारात बसलेल्या बाईने त्याच्यासाठी पाय आवरून घ्यायची गरज नव्हती.

शाळांना यापेक्षाही सोपं काही करता येतं. कुंभारवाड्यातल्या कारागिराला शाळेत बोलवा, चाक घेऊन या म्हणावं, आणि पाहुण्या शिक्षकाला द्यायचं तेवढं मानधन द्या. मुलं मातीत हात घालतील, पणती बिघडवतील आणि समोरचा माणूस आपल्यापेक्षा किती जास्त जाणतो हे त्यांना कळेल. दोन शाळांनी मिळून वर्षभर क्रिकेट खेळा, एका पटावर बुद्धिबळ मांडा. एका वर्षी हे तिकडे, पुढच्या वर्षी ते इकडे. वस्तीतली मुलं आपल्या शाळेचं ग्रंथालय बघायला आली, तर ती सहलही शैक्षणिकच.

आणि घरातल्या घरात? सकाळी जो पापड भाजला, दिवाळीत ज्या पणत्या लावल्या, ऑफिसची जी चामडी बॅग खांद्याला आहे, ती कुठून आली असेल, हा विषय जेवताना काढता येतो. घरी कामाला येणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव मुलांना ठाऊक आहे का, त्या कुठून किती वाजता निघतात, आजारी पडल्या तर त्या दिवसाचा पगार कापला जातो का, याची उत्तरं शोधायला बस करावी लागत नाही. ‘धारावी दर्शना’ची पहिली फेरी आपल्या स्वयंपाकघरातूनच निघते. ती चुकवून तेरा कंपाऊंड गाठणं म्हणजे दिव्याखालचा अंधार सोडून दुसऱ्याच्या घरात टॉर्च मारणं.

चौकट : सही करण्यापूर्वी विचारा

• भेटीचं बोलावणं वस्तीतल्या कुणी दिलं आहे का? तिथली शाळा, महिला मंडळ, कारागीर यांच्याशी आधी बोलणं झालं आहे का?

• आपल्या वर्गातलं कुणी तिथे राहतं का? त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना एकांतात, आधी विचारलं आहे का? त्यांनी नको म्हटलं, तर बेत बदलण्याची तयारी आहे का?

• मुलं किती जाणार? गल्लीत सहा माणसं मावतात, साठ नाही.

• फोटो काढणार का? काढणार असाल, तर मोठ्यांची परवानगी, लहानांच्या पालकांची परवानगी आणि छापल्यावर त्यांना एक प्रत, एवढं तरी होणार का?

• वाटावाटी कशासाठी? काही द्यायचंच असेल, तर तिथल्या शाळेला किंवा संस्थेला काय हवं ते विचारून, समारंभ न करता देता येईल का?

• जो वेळ देईल, माहिती सांगेल, काम दाखवेल, त्याला मोबदला मिळणार का?

• परत आल्यावर काय? निबंध लिहून विषय संपणार, की पाण्याची वेळ, संडासांची संख्या, घरांच्या किमती अशा प्रश्नांवर वर्गात बोलणं होणार?

शेवटी पुन्हा त्या चिठ्ठीकडे येऊ. पाचवीतल्या मुलाच्या आईच्या हातात अजून पेन आहे. खाली सहीसाठी एक रेघ आखलेली असते. तिच्यावर दोन ओळी लिहिण्याइतकी मोकळी जागाही असते, पण बहुतेक पालक ती कोरीच ठेवतात. तिथे लिहिता येईल, ‘बाई, आपण जाणार आहोत हे तिथल्या लोकांना माहीत आहे का? आणि पुढच्या महिन्यात त्यांना आपल्या शाळेत बोलावता येईल का?’

कदाचित शाळेला राग येईल. कदाचित सहल रद्द होईल. कदाचित बाईंच्याही मनात हेच असेल आणि कुणीतरी विचारण्याची त्या वाट पाहत असतील. पण चिठ्ठी लिहिण्याच्या आधी आणखी एक गोष्ट करता येते. ती आई आत जाऊन, हात पुसत उभ्या असलेल्या बाईंना विचारू शकते, ‘तुम्हाला काय वाटतं?’

एवढी वर्षं त्या या घरात येताहेत. हा प्रश्न त्यांना कदाचित पहिल्यांदाच विचारला जात असेल.